पुराव्याची पात्रता : हलशीचे ताम्रपट आणि दप्तरांचे रुमाल

जांबोटीप्रमाणेच खानापूर तालुक्यात असलेले हलशी आज भूवराह नरसिंहाच्या देवळासाठी ओळखले जाते. प्राचीन कदंबांच्या काळी त्याचे नाव पलाशिका होते. हे आपण निःशंकपणे सांगू शकतो ते तेथे सापडलेल्या काही ताम्रपटांमुळे. एकोणिसाव्या शतकात गावाबाहेर नंदगडच्या वाटेवर, चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळील मातीच्या ढिगाऱ्यात ते मिळाले. जॉन फेथफुल फ्लीट या सनदी अधिकाऱ्याने १८७७ च्या सुमारास ‘इंडियन अँटिक्वरी’त त्यांचे वाचन प्रसिद्ध केले.

ढिगाऱ्यातून निघालेल्या वस्तूला पुरावा का म्हणावे? १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ९० व्या कलमाने, ३० वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल तर तो अस्सल मानण्याची मुभा न्यायालयाला दिली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. ही मुभा मात्र तशीच राहिली. कागद स्वाभाविकपणे ज्याच्याकडे असावा त्याच्याचकडे तो असणे, हा योग्य ताबा होय. देशपांड्यांचे दप्तर देशपांड्यांच्या माडीवर सापडले तर संशयाला जागा थोडी. तेच जुन्या बाजारात विक्रीस आले तर पुष्कळ.

हलशीच्या ढिगाऱ्याला असा धनी नव्हता. तेव्हा ताम्रपटांनाच आपली साक्ष द्यावी लागली. अक्षरांचे वळण त्या काळाचे आहे. काकुस्थवर्मा, शांतिवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा, हरिवर्मा ही वंशावळ वेगवेगळ्या पटांतून परस्परांशी जुळते. आणि पटांतील पलाशिका सापडल्या ठिकाणाशी जुळते. ही दक्षता अनाठायी नव्हती. ताम्रपट म्हणजे जमिनीचा हक्क, त्यामुळे खोटे पट कोरण्याचा मोह पूर्वीपासूनचा. फ्लीट यांनीच १९०१ मध्ये अशा बनावट लेखांविषयी स्वतंत्र लेख लिहिला.

बरे, पट अस्सल ठरला म्हणजे काम संपले असेही नाही. काकुस्थवर्म्याच्या पटात सेनापती श्रुतकीर्तीला खेटग्रामातील जमीन दिल्याचे सांगून वर्ष ऐंशीवे दिले आहे. ऐंशीवे, पण कशापासून? कोणी ते कदंबांच्या राज्यस्थापनेपासून मोजतात, कोणी गुप्त संवताशी जोडतात. साक्षीदार प्रामाणिक आहे. पण आपण विचारतो त्याचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

ही जाण केवळ इंग्रजी अमदानीने दिली असे मात्र समजू नये. याज्ञवल्क्यस्मृतीने लेख, भोग आणि साक्षीदार अशी तीन प्रमाणे मानली, आणि ती नसतील तेव्हाच दिव्याची वाट दाखविली. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई, निवाड्याचा महजर होई आणि त्यावर हजर असलेल्यांची साक्ष घातली जाई. ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणब्याचा नांगर असे. सहीपेक्षा मला ती निशाणी अधिक बोलकी वाटते.

असे कागद वाण्याच्या पुड्यांना जाण्याआधी गोळा व्हावेत म्हणून इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. गोळा करणे किती कष्टाचे, हे आपण जाणतो. पण गोळा करताना काय हरवते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याने वडिलार्जित मोडी कागदांचे रुमाल मला दाखविले. त्याने मोठ्या श्रद्धेने धूळ झाडली होती आणि आकाराप्रमाणे कागद लावले होते : मोठे एका रुमालात, लहान दुसऱ्यात. जुन्या गाठी सुटल्या त्याच वेळी कोणता कागद कोणाशेजारी होता, हे कळण्याची वाट बंद झाली. म्हणूनच ग्रंथालयाकडे असे दप्तर आले की कागद उलगडण्याआधी दात्याचे नाव, गाव, पेटी किंवा कोनाडा, मिळाल्याची तारीख आणि रुमालांचा मूळ क्रम वहीत उतरवून घ्यावा, असा माझा आग्रह असतो.

त्या रुमालांत एक महजर होता. नांगराच्या तीन निशाण्या त्यावर अगदी स्पष्ट होत्या; गावाचे नाव होते तो कोपरा कसरीने खाल्ला होता. शेजारचा कागद कोणता, हे ठाऊक असते तर ते गाव कदाचित ओळखता आले असते.