घट्टा पडलेले मन : प्रस्तावना

अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेकडील वाळवंटात केल्लिया नावाची संन्याशांची वस्ती होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथे राहणाऱ्या इव्हाग्रियसने ‘प्राक्टिकोस’ या शंभर छोट्या प्रकरणांच्या ग्रंथात एका दुपारचे वर्णन केले आहे. सकाळचे दहा वाजून गेले आहेत. संन्याशाला वाटते, सूर्य जागचा हलत नाही आणि दिवस पन्नास तासांचा झाला आहे. तो पुन्हापुन्हा खिडकीशी जातो, झोपडीबाहेर येऊन ऊन कुठवर आले ते पाहतो; जेवण तिसऱ्या प्रहराच्या शेवटी, म्हणजे तीनच्या सुमारास, आणि ते अजून लांब आहे. मग ही जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते. इथे कुणाला कुणाबद्दल माया उरलेली नाही, असे मनात येते. घरची माणसे आठवतात. देवाची उपासना काय, कुठेही करता येते, असाही एक शहाणपणाचा विचार डोकावतो.

इव्हाग्रियस या अवस्थेला ‘अकेडिया’ म्हणतो आणि तिच्यामागच्या शक्तीला, 91 व्या स्तोत्राच्या ग्रीक पाठाला अनुसरून, दुपारचे भूत. भर दुपारी एकट्याने बाहेर पडू नये, असे आजीकडून ऐकलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना फार परकी वाटू नये. कंटाळलेल्या आणि निर्ढावलेल्या मनाचे अभ्यासक्षेत्र इथून सुरू होते, आणि त्यात शिरणाऱ्या प्रत्येकाचे मी मनापासून स्वागत करते.

पहिली अडचण शब्दाची. ‘केडोस’ म्हणजे आस्था, काळजी. मृताविषयीच्या शोकालाही हाच शब्द. तो नसणे म्हणजे अकेडिया. मराठीत ‘आळस’ म्हटले तर अर्धे हातातून निसटते. ‘कंटाळा’ जवळचा आहे, ‘अनास्था’ त्याहून जवळची. या शब्दाचा आळस झाला तो पुढच्या शतकांत. इव्हाग्रियसने आठ कुविचार मोजले होते, आणि कॅशियनने ते लॅटिन पश्चिमेत नेले. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी पहिला याने यादी नव्याने मांडताना अकेडियाला दुःखात मिसळून टाकले. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने मात्र मूळ धागा पुन्हा पकडला. त्याच्या मते अकेडिया म्हणजे देवाकडून मिळणाऱ्या चांगल्या गोष्टीचेच वाईट वाटणे, प्रीतीतून येणाऱ्या आनंदाच्या नेमके उलट. आणि ती मोडते कोणती आज्ञा? शब्बाथाची, विसाव्याची! तेव्हा सतत धावपळ करणारा, मंडळीच्या प्रत्येक समितीवर असणारा माणूसही अकेडियाग्रस्त असू शकतो. त्याला देवापाशी स्वस्थ बसवत नाही, एवढेच.

अकेडिया हा या अभ्यासाचा एक प्रवाह; दुसरा पापाला सरावण्याचा. याला मराठीत अस्सल शब्द आहेत: निर्ढावणे, कोडगे होणे. नव्या करारातले ग्रीक शब्दही असेच शरीराशी निगडित आहेत. शब्बाथ दिवशी हात वाळलेल्या माणसाला येशू बरे करतो की नाही, यावर टपून बसलेल्यांच्या अंतःकरणाविषयी मार्क ‘पोरोसिस’ हा शब्द योजतो. म्हणजे घट्टा पडणे, कुदळ धरून तळहाताला पडतो तसा. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातला शब्द ‘आल्गोस’पासून, वेदनेपासून, आला आहे: ज्यांना आता दुखतच नाही, असे लोक. पहिल्या तीमथ्यात सदसद्विवेकबुद्धीला तापल्या लोखंडाचा डाग बसतो.

या प्रवाहातली सर्वांत जिवंत गोष्ट ऑगस्टिनच्या ‘कबुलीजबाबा’च्या सहाव्या भागात आहे. त्याचा मित्र अलिपियस रोममध्ये कायदा शिकत होता. त्याला द्वंद्वयोद्ध्यांच्या खेळांचा तिटकारा होता. सोबत्यांनी ओढून नेले तेव्हा तो रिंगणाच्या पायऱ्यांवर डोळे घट्ट मिटून बसला. प्रेक्षकांतून मोठा गलका उठला आणि त्याने डोळे उघडले. रक्त पाहिल्यावर त्याला तोंड फिरवता आले नाही. नंतर तो स्वतःहून जाऊ लागला, इतकेच काय, इतरांनाही नेऊ लागला. मला या कथेत ऑगस्टिनचे एक निरीक्षण फार मोलाचे वाटते: अलिपियसचा भरवसा स्वतःच्या निग्रहावर होता. आठव्या भागात ऑगस्टिन आपल्याच बेडीच्या कड्या मोजतो. वाकडी इच्छा, तिच्यातून वासना, वासनेची सवय, आणि सवय न मोडल्याने आलेली सक्ती.

कंटाळा आणि निर्ढावणे हे अभ्यासात बहुधा वेगवेगळे हाताळले जातात. माझे म्हणणे असे की तो एकच आजार आहे. एकीकडे चांगल्याची गोडी जाते, दुसरीकडे वाईटाची बोच जाते. दोन्हीकडे मेलेली असते ती संवेदना. दर रविवारी पापांगीकाराची प्रार्थना तोंडपाठ म्हणताना जिभेला काहीच जड वाटत नाही, आणि त्याच सकाळी वर्तमानपत्रातली कुणाच्या तरी मृत्यूची बातमी चहाच्या घोटाबरोबर उतरून जाते. या दोन गोष्टी एकाच मनात घडतात.

नव्या वाचकाला दोन ठिकाणी जपून जावे लागेल. इव्हाग्रियसच्या साधनेचे ध्येय ‘अपाथेया’ आहे. इंग्रजीतला उदासीनतेचा शब्द याच मुळापासून निघाला, पण त्याच्या लेखी अपाथेया म्हणजे विकारांच्या ओढीतून सुटका, आणि तिचे अपत्य प्रीती. मराठीत वैराग्य आणि अनास्था यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच इथेही आहे. दुसरे अधिक गंभीर. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला वैद्यकीय उपचार लागतात. अंथरुणातून उठण्याचे बळ नसलेल्या माणसाला अकेडियाचे प्रकरण वाचून दाखवणे ही क्रूरता होईल. या ग्रंथांचा उपयोग जेव्हा जेव्हा दुसऱ्याचे निदान करण्यासाठी झाला, तेव्हा तेव्हा त्यांनी इजाच केली.

553 च्या सुमारास इव्हाग्रियसच्या मतांवर ठपका आला. त्यामुळे त्याचे काही लेखन निलस या दुसऱ्या संन्याशाच्या नावाखाली, तर काही सिरियाक अनुवादांत तगले. म्हणून पाठनिश्चिती हे इथले मोठे काम आहे. पण सुरुवात त्याने करू नये. आधी कॅशियनच्या ‘संस्था’ ग्रंथाचा दहावा भाग वाचावा. त्यातला अब्बा पौल बाजारापासून सात दिवसांहूनही दूर राहत असे. माल नेण्याचा खर्च मिळकतीहून जास्त, तरी तो वर्षभर ताडाची पाने गोळा करून नेमाने काम करी आणि वर्षाअखेर सगळे जाळून टाकी. ज्याला हे व्यर्थ वाटेल, त्याने तिथे थोडे थांबावे.

मग ‘प्राक्टिकोस’चे बारावे प्रकरण आणि त्याच्यापाठोपाठ सत्ताविसावे. रामदासांनी मनाला समोर बसवून समजावले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. इव्हाग्रियस सांगतो की अकेडिया आली की अश्रूंसह आपल्या जिवाचे दोन भाग करावे, एकाने धीर द्यावा, दुसऱ्याने तो घ्यावा, आणि दाविदाच्या स्तोत्रातला प्रश्न आपणच आपल्याला विचारावा: तू इतका खिन्न का झालास? ज्याला दुखेनासे झाले होते, त्याला इथे प्रथम रडू येते.