रँगल बेटावरचे मॅमथ

मॅमथ कशाने संपले असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. हिमयुग संपलं, बर्फ वितळला, अंगभर केस असलेल्या त्या बिचाऱ्यांना उकडायला लागलं... खेळ खल्लास! ऐकायला झकास आहे. पण एखादी सिस्टिम झोपली की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, "नेमकं काय बदललं? आणि कधी?" तोच प्रश्न इथे विचारला की हे उत्तर डळमळायला लागतं.

कारण थंडी काही एकदाच ओसरलेली नाही. थंडीचे लांबच लांब काळ आणि मधूनमधून ऊब, हे चक्र लाखो वर्षं चालू होतं. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात चांगलीच ऊब होती. मॅमथ त्यातून तगले. मग शेवटच्याच खेपेला काय झालं?

या खेपेला तिथे माणूस होता. पॉल मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा मुद्दा लावून धरला. १९७३ साली त्याने मांडलं की उत्तर अमेरिकेत शिरलेल्या शिकाऱ्यांनी काही शतकांतच मोठ्या प्राण्यांचा फडशा पाडला. त्यावर खूप टीका झाली, आणि त्यातला एक आक्षेप रास्तच आहे. एवढी कत्तल झाली असेल तर भाल्याच्या टोकांसकट सांगाडे जागोजागी सापडायला हवेत. तसे सापडतात, पण फारच थोड्या जागी.

मला विचाराल तर कत्तलीची गरजच नाही. हिशोब करून बघू. हत्तीण २२ महिने पोटुशी असते, एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचं चार-पाच वर्षांनी. मॅमथचं गणितही साधारण असंच असणार. आता समजा एका प्रदेशात १०,००० मॅमथ आहेत आणि शिकारीमुळे जन्मापेक्षा मृत्यू दरवर्षी फक्त अर्धा टक्का जास्त होताहेत. तीस वर्षांनी, म्हणजे एका शिकाऱ्याच्या उमेदीच्या काळात, संख्या १४ टक्क्यांनी घटेल. कळपच भटके, त्याला ते जाणवणारसुद्धा नाही. फार तर म्हणेल, "यंदा तिकडच्या खोऱ्यात गेले वाटतं." पण हजार वर्षांनी उरतील साधारण ६६. एकाही पिढीला आपण काही संपवतोय असं वाटलं नसेल, हे मला त्या कत्तलीच्या चित्रापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. ससे-हरणं अशा वेळी भराभर पिलावळ वाढवून तोटा भरून काढतात, म्हणून ती उरली.

असो. पण हे झालं कागदावरचं गणित. पुरावा हवा तर बेटांकडे जायला हवं. हवामान बदललं ते सगळीकडेच, पण माणूस बेटांवर उशिरा पोचला. म्हणजे आयताच प्रयोग! अमेरिका खंडातले जमिनीवरचे महाकाय स्लॉथ सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी संपले. क्यूबा आणि हिस्पॅनिओला बेटांवर मात्र त्यांचे भाऊबंद आणखी हजारो वर्षं टिकले, माणसं येईपर्यंत. न्यूझीलंडमध्ये तेराव्या शतकात माणूस उतरला आणि मोआ हे प्रचंड पक्षी दीड-दोनशे वर्षांत नाहीसे झाले. तेव्हा कुठलं हिमयुग संपत होतं?

आणि रँगल. सैबेरियाच्या उत्तरेला असलेलं हे बेट समुद्र चढल्याने सुमारे १० हजार वर्षांपूर्वी तुटलं. तिथले मॅमथ ४ हजार वर्षांपूर्वीपर्यंत जगले. म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड बांधून झाला तेव्हा मॅमथ चरत होते! २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा कळप सुरुवातीला जेमतेम आठ जनावरांचा होता, तो दोन-तीनशेपर्यंत वाढला आणि आपसातल्या संकरामुळे अशक्त असूनही सहा हजार वर्षं टिकला. शेवट आला तो अचानक. गंमत म्हणजे बेटावरच्या माणसाच्या खुणा त्यानंतर काही शतकांच्या आहेत, त्यामुळे इथे सरळ माणसाकडे बोट दाखवता येत नाही.

अलास्काजवळच्या सेंट पॉल बेटावर तर माणूस अठराव्या शतकापर्यंत गेलाच नव्हता. तरी तिथले मॅमथ साधारण ५,६०० वर्षांपूर्वी संपले. समुद्र चढत गेला, बेट आकसलं, तळी उथळ आणि गढूळ झाली. आजचा हत्ती दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी पितो. हे कळप तहानेने गेले.

माझं मत विचाराल तर, आधीच्या उबेच्या काळात मॅमथ कमी झाले, कोपऱ्यात सरकले आणि थंडी परतल्यावर पुन्हा पसरले. या वेळी खंडावरच्या कोपऱ्याकोपऱ्यात भाला घेऊन कुणीतरी उभं होतं.

मग आफ्रिकेत आणि आपल्याकडे हत्ती उरले कसे? एक पटणारं उत्तर असं, की इथली जनावरं माणसाच्या पूर्वजांसोबत लाखो वर्षं राहिली होती, लांब राहायला शिकली होती. तरी आपल्याकडेही सगळे वाचले नाहीत. नर्मदेच्या खोऱ्यात सरळ दातांचे अवाढव्य हत्ती होते, पाणघोडे होते. आणि शहामृग तर महाराष्ट्रातही होते! जळगाव जिल्ह्यात पाटणे इथल्या उत्खननात त्यांच्या अंड्यांच्या कवचाचे मणी मिळालेत, आणि सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या एका तुकड्यावर कुणीतरी बारीक रेघांची नक्षी कोरलेली आहे.