लोखंडी नांगर आणि कुणब्याचा हिशेब

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावी लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत इतकी दृढ होती की पहिले नांगर जवळजवळ दोन वर्षे गिऱ्हाइकावाचून पडून राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु तिच्या आधाराने देशावरच्या कुणब्याला अडाणी ठरविण्याची जी घाई आपले सुशिक्षित करतात, ती मला मान्य नाही. त्याच्या लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच होता.

खरी अडचण व्यवहाराची होती. बांधावरची बाभूळ तोडून सुताराने खोड, इसाड आणि रुमणे बेतून द्यावे, लोहाराने फाळ पाजवावा, आणि या चाकरीचे बलुते सुगीत खळ्यावर धान्याने चुकते व्हावे, असा परिपाठ असल्यामुळे ऐन नांगरटीत इसाड मोडले तरी रोकड काढण्याचा प्रसंग येत नसे. लोखंडी नांगराला मात्र रोख दाम मोजावे लागत. शिवाय त्याचे बिडाचे टोक दगडावर आपटून तुटले की गावच्या लोहाराचा भाता निरुपयोगी ठरे, कारण बीड तापवून ठोकू गेले तर फुटते, आणि मग नवा भाग पेठेतूनच आणणे आले. शेतकरी कर्जाच्या १८८४ च्या कायद्याने तगाईची सोय झाली होती खरी. पण कुलकर्ण्याच्या दप्तरापासून मामलेदार कचेरीपर्यंतचे हेलपाटे आणि जामीनकी जमेस धरली, तर पुष्कळांना सावकारच जवळचा वाटे.

त्यातून काळ्या भारी जमिनीत दरसाल नांगरट होतच नसे. बहुतेक साली कुळवाच्या पाळ्यांवर भागे, आणि हरळी-कुंदा माजला म्हणजेच नांगर बाहेर काढून त्याला तीन-चार जोड्या जुंपीत. एका जोडीच्या धन्याने वारंगुळा करावा किंवा इर्जिक घालून शेजाऱ्यांना जेवू घालावे. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची जी पाहणी डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली प्रसिद्ध केली, तिच्यात सरासरी धारणा १७७१ मधील सुमारे ४० एकरांवरून ७ एकरांवर आल्याचे दिसते. सात एकरांच्या मालकाने चार-पाच वर्षांतून एकदा लागणाऱ्या अवजारात भांडवल अडकवावे, हा उपदेश करणे सोपे होते.

नांगर खपू लागला तो उपदेशाने नव्हे. देशी बैलांना पेलेल आणि इथल्या जमिनीत टिकेल असे त्याचे रूप लक्ष्मणरावांनी चिकाटीने सिद्ध केले, १९१० मध्ये औंध संस्थानिकांच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर कारखाना वसविला, आणि त्याच सुमारास नीरा, प्रवरा, गोदावरी यांच्या पाटपाण्यावर ऊस फैलावू लागल्याने खोल नांगरटीची निकड आणि तिचा खर्च सोसणारा बागाइतदार, दोन्ही एकदम निर्माण झाली. लहान शेतकरी त्या बागाइतदाराचा नांगर, गडी आणि बैलांसह, भाड्याने आणून हरळी काढून घेई. कुळव, पाभर आणि कोळपे मात्र पुढेही कितीतरी वर्षे त्याचा सुतारच करून देत होता.