अंड्याभोवतीचे वेटोळे

डायनोसॉरचा जीवाश्म म्हटले, की संग्रहालयात उभा असलेला उंचच उंच सांगाडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. भारतातल्या संशोधकांच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. आपल्याकडे सापडतात ती बहुधा सुटी हाडे. कुठे मांडीचे हाड, कुठे शेपटीचा एखादा मणका, तोही मोडलेला. १८२८ साली जबलपूरजवळ कॅप्टन स्लीमन यांना अशीच हाडे मिळाली होती. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले, तेच हे स्लीमन. ज्या खडकात ही हाडे होती, त्याला नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून ‘लमेटा’ हे नाव पडले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला हाच खडक उघडा पडलेला आहे. दख्खनचा काळा पाषाण त्याच्या डोक्यावर नंतर येऊन बसला.

हा लमेटा खडक हाडांच्या बाबतीत कंजूष असला, तरी अंड्यांच्या बाबतीत मोठा उदार आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. गुजरातेत बालासिनोरच्या परिसरातही अशी अंडी आहेत. तिथल्या ढोली डुंगरी या गावी १९८४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे डॉ. धनंजय मोहबे यांना दगडाचा एक तुकडा मिळाला. त्यात गोल अंडी होती आणि अंड्यांलगत काही नाजूक, बारीक हाडे होती.

डायनोसॉरच्या घरट्यात इतकी बारीक हाडे सापडली, तर ती कुणाची असणार? पिल्लाची! मोहबे यांनीही तेच मानले आणि १९८७ साली शोधनिबंध लिहून ते जाहीर केले. अंड्याबाहेर आलेल्या डायनोसॉरच्या पिल्लाची हाडे हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. त्यामुळे एवढ्यावरही या दगडाला किंमत होती. पण त्यातले काही मणके पिल्लाचे नव्हतेच.

हे लक्षात यायला २००१ साल उजाडावे लागले. मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला, आणि त्यांची नजर मणक्यांच्या सांध्यांवर खिळली. सापाच्या मणक्यांत एक जादा सांधा असतो. सुतार दोन लाकडे जोडताना एकाला खुंटी ठेवतो आणि दुसऱ्याला खाच पाडतो, तसाच. त्यामुळे सापाचे शरीर हवे तसे वळते, पण मणका मणक्यावरून निसटत नाही. दगडातल्या मणक्यांवर ही खुंटी आणि खाच स्पष्ट दिसत होती. म्हणजे डायनोसॉरच्या घरट्यात एक साप होता!

पुढचे काम सावकाशीचे होते. दगड परदेशी न्यायचा तर आधी सरकारी करारमदार हवा, तो २००४ मध्ये झाला. मग मिशिगनमध्ये हाडांभोवतालचा दगड कणाकणाने काढण्यात जवळजवळ वर्ष गेले. सापांच्या जीवाश्मांचे जाणकार जेसन हेड यांनाही सोबत घेण्यात आले. नभोवाणीवर चित्र दाखवण्याची सोय नाही, म्हणून त्या दगडात काय दिसले ते शब्दांतच सांगतो. तीन अंडी, प्रत्येक साधारण १६ सेंटिमीटर व्यासाचे. त्यांतले एक फुटलेले. त्या फुटक्या अंड्याभोवती सापाचे वेटोळे आणि वेटोळ्यावर टेकलेले डोके. शेजारी सुमारे अर्धा मीटर लांबीच्या पिल्लाची हाडे. साप साडेतीन मीटरांचा असावा. ही सगळी मंडळी ६ कोटी ७० लाख वर्षे जागची हललेली नाहीत.

असे चित्र जसेच्या तसे टिकावे कसे? एरवी मेलेल्या सापाची हाडे दोन पावसांत विखरून जातात. शानन पीटर्स यांनी भोवतालचा गाळ तपासला तेव्हा असे दिसले, की अंडी सैल वाळूत घातलेली होती आणि वादळी पावसात जवळच्या उंचवट्यावरून ओल्या वाळूचा आणि चिखलाचा लोंढा खाली आला. त्याने घरटे, पिल्लू आणि साप यांना एकाच झटक्यात गाडून टाकले.

आता कुणी म्हणेल, अंड्यापाशी सापडला म्हणून साप चोर कसा ठरतो? शंका अगदी रास्त आहे, कारण या शास्त्राने एकदा यात ठेच खाल्लेली आहे. १९२३ साली मंगोलियात अंड्यांच्या ढिगावर एका डायनोसॉरची कवटी मिळाली. दुसऱ्याची अंडी पळवताना मेला असेल असे समजून त्याचे नावच ‘ओव्हिरॅप्टर’, म्हणजे अंडीचोर, असे ठेवले गेले. नाव ठेवणाऱ्या ऑसबर्न यांनी हे नाव दिशाभूल करील, अशी शंका स्वतःच नोंदवली होती. सत्तर वर्षांनी तशाच एका अंड्यात त्याच कुळातला गर्भ सापडला. बिचारा आपलीच अंडी राखत होता!

म्हणून सापाच्या बाबतीत पुरावा जपून तोलावा लागला. अंडी त्याची नव्हती. कवच लांब मानेच्या डायनोसॉरांचे आणि पिल्लूही त्यांचेच. हाडे पाण्याने वाहून एकत्र आलेली नव्हती, नाहीतर वेटोळे टिकलेच नसते. मात्र पिल्लू सापाच्या पोटात नाही, बाहेर आहे. अख्खे अंडे गिळणे तर त्याला शक्यच नव्हते. कवटी साडेनऊ सेंटिमीटरची, आणि जबडा आजच्या अजगरासारखा ताणला जाणारा नव्हे. त्याचे नाव ठेवले ‘सनाजेह इंडिकस’. संस्कृतात ‘सनज’ म्हणजे प्राचीन आणि ‘जेह’ म्हणजे जबडा वासणे. ज्याला तोंड फारसे उघडता येत नव्हते, त्याचेच नाव जबड्यावरून! पण नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लापुरता तो जबडा पुरेसा होता. पुढे हेच पिल्लू वाढून दोन एसटी गाड्या एकापुढे एक उभ्या कराव्यात एवढे झाले असते, आणि मग असल्या सापाची त्याला काय पर्वा! सापाला संधी होती ती एवढीच.

मार्च २०१० मध्ये हे सारे प्रसिद्ध झाले. लेखकांच्या नावांत मोहबे यांचेही नाव आहे. तेवीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच निष्कर्षाची दुरुस्ती त्यांनी आपल्या सहीने केली. मला या सगळ्या हकिकतीत हे विशेष वाटते. हाडे सोडवून वेगवेगळ्या डब्यांत ठेवली असती, तर वेटोळे कुणालाच दिसले नसते.

आणि पुरावा एवढ्यावरच थांबला नाही. ढोली डुंगरीलाच आणखी दोन जागी डायनोसॉरच्या अंड्यांपाशी हाडे मिळाली. तीही सापांचीच होती.