खोक्यातल्या संत्र्याचं कूळ

दुकानात संत्र्याच्या रसाचे जे खोके मांडलेले असतात, त्यांच्यावर रस टपकणारं अर्धं संत्रं छापलेलं असतं. ते बहुधा नागपुरी नसतं. नागपुरी संत्रं सैल सालीचं, सोलून फोडी खाण्याचं. त्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होऊ लागतो, तापवला तर आणखीच. हा लिमोनिन नावाच्या द्रव्याचा गुण. जगाच्या बाजारात ‘ऑरेंज ज्यूस’ म्हणून खपतो तो घट्ट सालीच्या गोड संत्र्याचा रस, म्हणजे आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या जातकुळीतला. या रसाच्या धंद्याचा माग काढत गेलं की दर वळणावर एक आपत्ती भेटते, आणि तिच्यावर काढलेला तोडगाच पुढच्या आपत्तीला वाट करून देतो.

सुरुवात फ्लोरिडापासून करावी लागते. डिसेंबर १८९४ मध्ये तिथे कडाक्याची थंडी पडली. फळं गेली, पण झाडं तगली. मग ऊब आली, झाडांनी पालवी धरली आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये दुसरी लाट आली. चढलेला जीवरस गोठून खोडं तडकली. बागायतदार दक्षिणेकडे सरकले, पण गारठ्याची टांगती तलवार काही गेली नाही.

संत्रं खायचं नव्हे तर प्यायचं, ही सवय मात्र कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी लावली. माल उदंड झाला होता, म्हणून १९१६ च्या सुमारास त्यांच्या ‘सनकिस्ट’ने ‘संत्रं प्या’ अशी जाहिरात सुरू केली. एका पेल्याला दोन-तीन फळं लागतात, हे त्यातलं मर्म. डबाबंद रसही मिळे, पण त्याला शिजल्याची चव असे.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना क जीवनसत्त्व हवं होतं. त्या काळात फ्लोरिडात लुई मॅकडॉवेल, एडविन मूर आणि सेड्रिक ॲटकिन्स हे तिघे संशोधक रस आटवण्याच्या खटपटीत होते. निर्वात भांड्यात पाणी कमी उष्णतेवर उडतं, म्हणून रस शिजत नाही. पण पाण्याबरोबर वासही उडून जातो. त्यांची युक्ती साधी होती. रस हवा त्याहून जास्त आटवायचा आणि मग त्यात थोडा ताजा रस ओतून गोठवायचा. त्या ताज्या रसाने चव परत येई. १९४८ मध्ये पेटंट मिळालं तेव्हा युद्ध संपलं होतं. अमेरिकेतल्या गृहिणी मात्र गोठवलेला डबा फोडून त्यात तीन डबे पाणी मिसळू लागल्या. ‘मिनिट मेड’ ही कंपनी याच लाटेवर मोठी झाली आणि १९६० मध्ये कोका-कोलाने ती विकत घेतली.

आटवून गोठवलेला रस साठवता येतो, म्हणून त्यावर सट्टाही खेळता येतो. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात त्याचे वायदे सुरू झाले. कापसाच्या पेढीवर संत्र्याचा रस! व्यापारी पुढे बरीच वर्षं ऑक्टोबरपासून फ्लोरिडाच्या तापमानाकडे डोळे लावून बसत.

खरं वळण आलं डिसेंबर १९६२ च्या थंडीने. फ्लोरिडाच्या बागा होरपळल्या, रस महागला आणि ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात, जिथे कॉफीचं राज्य होतं, तिथे रसाचे कारखाने उभे राहू लागले. १९८० च्या दशकात फ्लोरिडाला थंडीने पुन्हा पुन्हा झोडपलं आणि दर तडाख्यासरशी ब्राझीलचं गिऱ्हाईक वाढलं. पुढे पिंपांऐवजी आटवलेला रस थेट टाक्यांच्या जहाजांतून सांतोस बंदरातून युरोपकडे निघू लागला. आज जगाच्या व्यापारातला सत्तर टक्क्यांहून अधिक रस ब्राझीलचा, तोही मुख्यतः साओ पाउलो आणि शेजारच्या मिनास जेराइसच्या एका पट्ट्यातला. सिट्रोसुको, कुत्राले आणि लुई ड्रेफस या तीन कंपन्यांच्या हातात त्याचा बहुतेक कारभार आहे. थंडीला भिऊन जग जिथे गेलं, तिथेच अडकलं.

थंडी निदान एका रात्रीत काय ते करून जाते. ग्रीनिंग हा झाडांचा रोग तसा नाही. सायला हा तिळाएवढा कीटक कोवळ्या पालवीतला रस शोषतो आणि त्याबरोबर एक जिवाणू झाडात सोडतो. पानं पिवळी-चट्टेदार होतात, फळं लहान, वेडीवाकडी, टोकाशी हिरवीच राहून गळतात. लक्षणं दिसायला महिने, कधी वर्षं लागतात, तोवर रोग शेजारी पोचलेला असतो. त्यावर औषध नाही. सायला कढीपत्त्यावरही पोसला जातो. अमेरिकेत कढीपत्त्याच्या रोपांच्या ने-आणीवर निर्बंध आहेत ते त्यामुळेच, आणि तिथल्या मराठी घरांना ते चांगले ठाऊक असतात.

हा रोग ब्राझीलमध्ये २००४ मध्ये सापडला, फ्लोरिडात २००५ मध्ये. फ्लोरिडाचं पीक २००३-०४ मध्ये २४ कोटी पेट्यांच्या वर होतं, २०२४-२५ मध्ये ते सुमारे सव्वा कोटी पेट्यांवर आलं. पेटी साधारण ४१ किलोची. ब्राझीलच्या पट्ट्यात २०२४ च्या पाहणीत सुमारे ४४ टक्के झाडं रोगट निघाली. त्यात उष्णता आणि दुष्काळ. शिल्लक साठाही तळाला गेलेला. वर्षअखेरीस वायद्यात रसाचा भाव पौंडाला पाच डॉलरच्या वर गेला. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली आणि पुढच्या पिकाच्या आशा वाढल्या, तसा २०२५ मध्ये तो निम्म्याहूनही खाली कोसळला. अशा भावात बागायतदाराने नवी झाडं कोणत्या हिशेबाने लावायची?

मध्यंतरी रसात मँडरिन मिसळण्याची चर्चा उद्योगात झाली. अमेरिकेत दहा टक्क्यांपर्यंत ती मुभा आधीपासूनच आहे. नागपुरी संत्रं मँडरिन कुळातलंच, पण विदर्भाचं नशीब उघडलं असं कुणी मानू नये. कडवटपणा आहेच, आणि सायला व ग्रीनिंग आपल्याकडेही आहेत.

रोगट झाडाच्या फळात साखर नीट भरत नाही. २०२५ मध्ये अमेरिकी नियमाप्रमाणे पाश्चराइज्ड रसाची गोडी ‘ब्रिक्स’ या मापाने किमान १०.५ हवी होती. फ्लोरिडाचा रस तिथवर पोचेना, म्हणून त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती मर्यादा १० वर आणण्याचा प्रस्ताव मांडला. तोवर कमी पडणारी गोडी भरून काढायला कारखानदार बाहेरून आणलेला जास्त गोड रस मिसळत होते.