चोच, झगा आणि पिसवा

प्लेगच्या साथीचं चित्र म्हटलं की काळा पायघोळ झगा, रुंद काठाची टोपी, भिंगांचे गोल डोळे आणि पक्ष्यासारखी लांब चोच असलेला वैद्य डोळ्यांसमोर येतो. मालिका, व्हिडिओ गेम, पुस्तकांची मुखपृष्ठं, सगळीकडे त्याला १३४८च्या 'काळ्या मृत्यू'त उभा करतात. तो तिथला नव्हे. १३४७ ते १३५१ या काळात युरोपातली एक तृतीयांशाहून अधिक वस्ती प्लेगने नेली, पण तेव्हाच्या चित्रांत किंवा लिखाणात ही चोच सापडत नाही. ती आली जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी.

साथीचा वैद्य मात्र चोचीपेक्षा पुष्कळ जुना. इटलीतली शहरं साथीच्या दिवसांत खास वैद्य पगारावर नेमत. १४७९ साली पाविया शहराने जोव्हान्नी दे व्हेंतुरा नावाच्या वैद्याशी केलेला करार उपलब्ध आहे. महिना ३० फ्लोरिन पगार, राहायला घर, आणि वागणूक चांगली राहिली तर शहराचं नागरिकत्व. त्याने फक्त प्लेगचेच रोगी पाहायचे आणि गावातून फिरताना शहराने नेमलेला माणूस बरोबर ठेवायचा, कारण लोकांनी त्याच्यापासून दूर राहावं अशी व्यवस्था हवी होती. हे काम पत्करणारे बरेचदा नवशिके किंवा व्यवसायात जम न बसलेले वैद्य असत. नावाजलेले वैद्य गाव सोडून जात. जे मागे राहिले त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. त्यांच्या औषधांनी फारसं कुणी वाचलं नसेल, पण दार उघडून आत जाणारा तेवढाच एक माणूस होता.

पोशाखाचं श्रेय दिलं जातं शार्ल द लोर्म याला. हा फ्रान्सच्या तेराव्या लुईचा वैद्य. १६१९च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याने तो वापरला असं मानतात. त्याच्या मृत्यूनंतर, १६८२ साली, मिशेल द सँ-मार्तँ याने लिहिलेल्या पुस्तकात वर्णन येतं ते असं: दूषित हवा सहसा शिरू नये म्हणून कमावलेल्या कातड्याचा पोशाख, तोंडात लसूण, नाकाकानांत धूप आणि डोळ्यांवर चष्मा. यामागचा विचार त्या काळाच्या मानाने तर्कशुद्ध होता. कुजक्या, दुर्गंधी हवेतून रोग पसरतो अशी वैद्यांची ठाम समजूत. मग वास अडवला की रोग अडला. सुमारे अर्धा फूट लांबीच्या चोचीत कापूर, पुदिना, लवंग, गुलाबाच्या पाकळ्या अशी सुगंधी द्रव्यं भरायची आणि श्वास त्यांच्यातून घ्यायचा. कातड्यावर किंवा कापडावर मेण चढवायचं, म्हणजे ती हवा अंगाला चिकटणार नाही. रोग्याला हात न लावता तपासायला हातात काठी.

या रूपाची छबी लोकांच्या मनात ठसली ती १६५६मुळे. त्या वर्षी नेपल्स आणि रोममध्ये प्लेग होता. एकट्या नेपल्सची निम्मी वस्ती त्यात गेल्याचं मानतात. त्याच सुमारास न्यूरेंबर्गच्या पाउल फ्युर्स्टने 'रोमचा डॉक्टर चोच' या नावाने एक छापील चित्र विकायला काढलं. वैद्याच्या काठीच्या टोकाला पंख असलेलं वाळूचं घड्याळ आहे, मागे मुलं त्याला पाहून पळताहेत, आणि खाली निम्म्या लॅटिन, निम्म्या जर्मन ओळींत वैद्याच्या पैशाच्या हावेची टवाळी केली आहे. आज जगभर फिरणारी प्रतिमा मुख्यतः या टवाळीच्या चित्रावरून उतरली आहे. म्हणून सगळ्या युरोपात वैद्य अशाच वेशात फिरत असतील असं समजू नये. खात्रीचे उल्लेख इटली आणि फ्रान्सपुरतेच, तेही थोडे. पुढे व्हेनिसच्या कार्निव्हलने हा मुखवटा उचलला आणि वैद्य गेल्यावरही तो टिकला.

मला या सगळ्या कुळकथेत सर्वांत मोलाची वाटते ती एका धर्मगुरूची नोंद. १६५७ साली जेनोव्हातल्या प्लेगच्या इस्पितळात फादर अँतेरो मारिया दी सान बोनाव्हेंतुरा रोग्यांची सेवा करत होते. मेणकापडाच्या झग्याचा त्यांना राग होता. त्याचा एकच उपयोग, असं त्यांनी लिहिलं: त्यावर पिसवांना ठाव मिळत नाही. तिथे पिसवांनी त्यांना अक्षरशः छळलं होतं. गुळगुळीत मेणावरून पिसू घसरते एवढंच त्यांनी पाहिलं आणि तक्रार म्हणून लिहून ठेवलं. त्या झग्याने कुणाचा जीव वाचला असेल तर तो नेमका याच कारणाने. चोचीतला कापूर त्यात काही करत नव्हता.

याचा अर्थ कळायला २४१ वर्षं लागली. १८९४ साली हाँगकाँगमध्ये आलेक्सांद्र यर्सँने प्लेगचा जंतू ओळखला. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसवा असलेला आजारी उंदीर आणि एक निरोगी उंदीर यांच्यामध्ये जाळी ठेवली. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं, पिसवा मात्र पलीकडे जाऊ शकत होत्या. निरोगी उंदीरही प्लेगने मेला. सिमाँचं म्हणणं बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही.

तोवर मुंबई-पुण्यात प्लेगने घरंच्या घरं ओस पाडली होती. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने गेल्या. सिमाँच्या निष्कर्षावर शिक्कामोर्तब झालं ते मुंबईतच, १९०५ नंतर, परळच्या प्रयोगशाळेत. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत जमिनीवर ठेवलेले गिनिपिग मरत. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातले जगत. हवा मात्र दोघांनाही तीच होती.