नऊ जणांची शंका

मुंबईत ज्युरीपुढे चाललेल्या तीन खटल्यांचे आकडे बघा. १८९७ : सहा विरुद्ध तीन. १९०८ : सात विरुद्ध दोन. १९५९ : आठ विरुद्ध एक. तिन्ही वेळा ज्युरीत नऊ माणसं होती, एकमत एकदाही झालं नाही आणि प्रत्येक निकालावरून वाद पेटला.

फौजदारी कायद्याचं सूत्र आपण सिनेमांतून ऐकलेलं असतं. गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हायला हवा, नाहीतर संशयाचा फायदा आरोपीला. मग नऊपैकी तिघांना शंका असेल तर? त्या काळी इंग्लंडमध्ये बाराही जणांचं एकमत झाल्याशिवाय कुणाला दोषी ठरवता येत नसे. ही अट तिथे १९६७ मध्ये सैल झाली. इथे मात्र त्याच इंग्रजांनी वेगळा नियम केला होता. हायकोर्टात नऊपैकी सहा जणांचं मत जुळलं आणि न्यायाधीशांना ते पटलं, की झालं.

१८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. ज्युरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, शिक्षा दीड वर्ष. १९०८ मध्ये पुन्हा राजद्रोह. या वेळी सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला 'केसरी'तल्या मराठी लेखांवर होता आणि ज्युरीपुढे होती त्यांची इंग्रजी भाषांतरं. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, अनेक दिवस बोलले, भाषांतरातल्या चुका दाखवत राहिले. २२ जुलैच्या रात्री निकाल आला : सात विरुद्ध दोन, दोषी. न्यायमूर्ती दावर यांनी बहुमत मान्य करून सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. टिळकांना मंडालेला नेलं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांच्या संपाने उत्तर दिलं.

तिसरा खटला 'रुस्तम'मुळे तुमच्या ओळखीचा असेल. नौदलातले कमांडर नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजावर गोळ्या झाडल्या. झटापटीत पिस्तूल चुकून उडालं, असा बचाव होता. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली, कोर्टाबाहेर गर्दी लोटली. सेशन्स कोर्टात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीश मेहतांना ते अजिबात पटलं नाही. कायद्याने दिलेला अधिकार वापरून त्यांनी खटला हायकोर्टाकडे पाठवला. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

म्हणजे दोघातिघांची शंका बहुमताखाली दबली आणि आठ जणांची शंका कोर्टाने पुसून टाकली. यातला अन्याय कुठला?

याचं उत्तर आकड्यांत सापडत नाही. अडचण अशी, की ज्युरी कारणं देत नसे. १९०८ मध्ये त्या दोघांना नेमकं काय खटकलं, याची कुठेही नोंद नाही. भाषांतर? लेखांचा हेतू? १९५९ च्या आठ जणांना पुराव्यात खरंच भोक दिसलं, की कमांडरबद्दल सहानुभूती वाटली, हेही कळायला मार्ग नाही. हायकोर्टाला मात्र कारणं लिहावी लागली. रात्री एकट्याने अहमदनगरला गाडीने जायचंय असं सांगून नानावटींनी जहाजावरून पिस्तूल घेतलं होतं. गोळ्या तीन लागल्या होत्या. एवढी झटापट झाली म्हणतात, तरी मृताच्या कमरेचा टॉवेल जागेवरच होता. सुप्रीम कोर्टाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : 'अपघात झाला' हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण त्याने आणलेल्या पुराव्याने मूळ गुन्ह्याबद्दलच वाजवी शंका निर्माण झाली, तर तो सुटतो. म्हणजे शंकेचा दरवाजा उघडाच होता. आत यायला कारण लागत होतं.

नानावटींमुळे ज्युरी बंद झाली, असं सर्रास सांगितलं जातं. पण विधी आयोगाने ती शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे खुनाच्या आधीच केली होती. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

आज न्यायाधीश चुकत नाहीत असं नाही. पण त्यांची कारणं निकालपत्रात छापलेली असतात आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याशी भांडता येतं. सात विरुद्ध दोन या आकड्याशी कोण, कसं भांडणार? गिरणी कामगारांच्या हातात फक्त संप होता.